स्पॅनिश क्रियापद वर्तमानकाळात कसं चालवायचं: मराठी माणसासाठी सविस्तर पद्धत

पुण्यात स्पॅनिश शिकणाऱ्यांची कमतरता नाही. हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांत मेक्सिकोच्या किंवा स्पेनच्या ग्राहकांशी रोज बोलावं लागणारे आहेत, पुढच्या शिक्षणासाठी माद्रिद-बार्सिलोनाकडे डोळे लावून बसलेले विद्यार्थी आहेत, निवृत्तीनंतर हौसेने नवी वही उघडलेलेही आहेत. बहुतेकांचं पुस्तक इंग्रजीतून असतं, शिकवणंही इंग्रजीतून होतं, आणि सुरुवातीच्या काही आठवड्यांतच क्रियापदांचा तक्ता समोर येतो. निम्मे लोक अडखळतात ते तिथेच.

माझं सांगणं असं की हा तक्ता इंग्रजीच्या वाटेने शिकू नका, मराठीच्या वाटेने शिका. इंग्रजीत 'आय स्पीक, यू स्पीक, वुई स्पीक' असं क्रियापद जवळजवळ एकाच रूपात उभं असतं आणि कोण बोलतंय ते सांगायचं सगळं काम सर्वनामाकडे असतं. मराठीत तसं नाही. 'बोलतोस' एवढं कानावर पडलं की 'तू' हे न सांगता कळतं. स्पॅनिश याच पद्धतीने चालते. प्रत्ययात कर्ता दडलेला असणं ही गोष्ट आपल्या तोंडात लहानपणापासून मुरलेली आहे. फक्त प्रत्यय नवे शिकायचे आहेत.

या लेखात स्पॅनिश शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. वहीत मात्र ते रोमन लिपीतच लिहा, कारण उच्चार आणि स्पेलिंग यांची सांगड हातालाही बसायला हवी.

आधी जिभेची तयारी

उच्चारांवर फार वेळ घालवण्याची गरज नाही. स्पॅनिशमधले त, द, क, प हे आपल्या त, द, क, पच्या अगदी जवळचे आहेत. इंग्रजीच्या सवयीने 'तू'चा 'टू' करू नका. स्वर पाचच: आ, ए, ई, ओ, ऊ. इंग्रजीसारखे ते शब्दागणिक रंग बदलत नाहीत.

लक्षात ठेवायच्या गोष्टी थोड्याच. एच हे अक्षर लिहायचं, पण उच्चारायचं नाही. व्ही आणि बी या दोन्हींचा उच्चार 'ब'च, आणि दोन स्वरांच्या मध्ये तो ओठ पूर्ण न मिटता हलका काढायचा. जोडीने आलेल्या दोन एलचा बहुतेक ठिकाणी 'य' होतो. जे या अक्षराचा उच्चार घशातून काढलेला 'ख', उर्दूतल्या 'ख़बर'मधल्यासारखा. ई किंवा आयच्या आधी आलेला सी लॅटिन अमेरिकेत 'स' असतो, स्पेनच्या मोठ्या भागात तो जीभ दातांत धरून काढतात. मी इथे 'स' वापरला आहे.

पायरी पहिली: कर्ता कोण ते ठरवा

शाळेच्या व्याकरणातले तीन पुरुष आणि दोन वचनं आठवा. स्पॅनिशमध्ये तेवढीच सहा घरं आहेत.

मी म्हणजे 'यो'. तू म्हणजे 'तू'च, उच्चारही तोच. तो 'एल', ती 'एया'. आम्ही आणि आपण या दोघांसाठी एकच शब्द, 'नोसोत्रोस'; सगळ्या बायकाच असतील तर 'नोसोत्रास'. अनेक जणांना 'तुम्ही' म्हणायचं तर स्पेनमध्ये घरच्यांना, मित्रांना 'बोसोत्रोस'. ते म्हणजे 'एयोस', त्या म्हणजे 'एयास'.

राहिले 'उस्तेद' आणि 'उस्तेदेस'. मराठी माणसाची सगळ्यात मोठी चूक इथेच होते, म्हणून जरा थांबू.

एका व्यक्तीला आदराने 'तुम्ही' म्हणायचं असेल तर 'उस्तेद'. अर्थ तुम्हीचा, पण क्रियापद 'तो/ती'च्या घरातलं, म्हणजे तृतीय पुरुष एकवचनी. ऐकायला विचित्र वाटेल, पण यामागे इतिहास आहे: 'उस्तेद' हा 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या आदरार्थी शब्दजोडीचा झिजून झालेला शब्द आहे. 'महाराजांची काय आज्ञा आहे?' असं समोरच्यालाच तृतीय पुरुषात विचारण्याचा रिवाज आपल्याकडेही होता. अनेक जण समोर असतील तर 'उस्तेदेस', आणि त्याला 'ते'च्या घरातलं क्रियापद.

आपण आदर अनेकवचनाने दाखवतो. 'सर शिकवतात', 'बाबा कामावरून येतात', 'काकू कुठे राहतात?' माणूस एक, क्रियापद अनेकवचनी. ही सवय इतकी खोल आहे की मनातल्या मनात भाषांतर करताना 'बाबा येतात' या वाक्यातला 'तात' नकळत स्पॅनिशमध्येही उतरतो आणि माणूस 'मि पाद्रे येगान' म्हणून बसतो. स्पॅनिश माणसाला त्यातून कळतं की वडील एकापेक्षा जास्त आहेत. बरोबर वाक्य 'मि पाद्रे येगा'. स्पॅनिशमध्ये आदर आणि अनेकवचन यांचा संबंध नाही. वडील असोत, प्राध्यापक असोत की राष्ट्रपती, माणूस एक तर क्रियापद एकवचनी. मी वर्गात हे पुनःपुन्हा सांगते. इंग्रजी पुस्तकात हा इशारा कधी सापडणार नाही, कारण इंग्रजी बोलणाऱ्याकडून ही चूक होतच नाही.

एक दिलासाही आहे. क्रियापदाला लिंग नाही. आपण 'मी बोलतो, मी बोलते' असा फरक करतो. स्पॅनिशमध्ये पुरुष म्हणो की बाई, 'आब्लो' एकच. एल आब्ला, एया आब्ला.

पायरी दुसरी: शेपटी कापा

शब्दकोशात स्पॅनिश क्रियापद मूळ रूपात दिलेलं असतं, जसं आपल्याकडे 'बोलणे, खाणे, राहणे'. आपल्याकडे सगळ्यांच्या शेवटी एकच 'णे'. स्पॅनिशमध्ये तीन शेवट आहेत: आर, एर, ईर. यापलीकडे चौथा गट नाही.

आब्लार म्हणजे बोलणे. कोमेर म्हणजे खाणे, जेवणे. बिबीर म्हणजे राहणे, जगणे. मी हे तीन नमुने घेते. स्पॅनिशची अधिकृत अकादमी, जी 1713 मध्ये स्थापन झाली, आपल्या शब्दकोशात नमुन्यादाखल आमार, तेमेर आणि पार्तीर घेते, म्हणजे प्रेम करणे, भिणे आणि निघणे. कोणतेही तीन घ्या, साचा तोच.

'बोलणे'मधून 'णे' काढला की 'बोल' हा धातू उरतो आणि त्याला तो, तोस, ता, तात लागतात. तसंच आब्लारमधून आर काढला की 'आब्ल' उरतं. कोमेरमधून एर काढला की 'कोम'. बिबीरमधून ईर काढला की 'बिब'. ज्या क्रियापदाचा हा धातू सहाही घरांत जसाच्या तसा राहतो आणि प्रत्यय साच्याप्रमाणे लागतात, ते नियमित.

पायरी तिसरी: प्रत्यय जोडा

| कर्ता | आब्लार | कोमेर | बिबीर |
|---|---|---|---|
| यो | आब्लो | कोमो | बीबो |
| तू | आब्लास | कोमेस | बीबेस |
| एल, एया, उस्तेद | आब्ला | कोमे | बीबे |
| नोसोत्रोस | आब्लामोस | कोमेमोस | बिबीमोस |
| बोसोत्रोस | आब्लाइस | कोमेइस | बिबीस |
| एयोस, एयास, उस्तेदेस | आब्लान | कोमेन | बीबेन |

तक्ता एकदम गिळू नका. आडवा वाचा, ओळीओळीने. पहिल्या ओळीत तिन्ही गटांत 'ओ' आहे, तिथे पाठ करण्यासारखं काही नाही. 'तू'च्या ओळीत शेवटी स. 'ते'च्या ओळीत शेवटी न. 'आम्ही'च्या ओळीत मोस. गट बदलला तरी हे व्यंजन बदलत नाही, बदलतो तो फक्त मधला स्वर: आर गटात आ, एर गटात ए.

एर आणि ईर या गटांत मी, तू, तो आणि ते या चार घरांत प्रत्यय हुबेहूब सारखे आहेत. फरक फक्त आम्ही आणि बोसोत्रोसच्या घरात: कोमेमोस पण बिबीमोस, कोमेइस पण बिबीस. म्हणजे तीन गट शिकायचे आहेत असं वाटतं, पण खरं ओझं दीड गटाचं आहे.

शाळेत संस्कृत घेतलेल्यांनी इथे एक गोष्ट जरूर ताडून पाहावी. वदसि, वदामः, वदन्ति. आब्लास, आब्लामोस, आब्लान. 'तू'ला स, 'आम्ही'ला म, 'ते'ला न. हा योगायोग नाही. लॅटिन आणि संस्कृत यांचं मूळ एकच असावं हे विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कोलकात्याच्या व्याख्यानात मांडलं होतं, आणि स्पॅनिश ही लॅटिनची लेक. ज्यांनी आठवी ते दहावी धातू चालवले आहेत, त्यांना या तीन प्रत्ययांसाठी वेगळी मेहनत पडू नये.

आता एक क्रियापद हातात घेऊन पूर्ण चालवू. कोसिनार, म्हणजे स्वयंपाक करणे. आर काढा, उरलं कोसिन. रविवारची सकाळ डोळ्यांसमोर आणा.

कोसीनो. मी स्वयंपाक करते.
कोसीनास बिएन. तू छान स्वयंपाक करतोस.
मि माद्रे कोसीना. आई स्वयंपाक करते.
मि पाद्रे कोसीना ताम्बिएन. बाबाही करतात. (क्रियापद एकवचनीच.)
लोस दोमीन्गोस कोसिनामोस हून्तोस... थांबा, 'हून्तोस' असं इंग्रजी वळणाने म्हणू नका. 'खून्तोस', घशातून. दर रविवारी आम्ही एकत्र स्वयंपाक करतो.
मिस एर्मानोस नो कोसीनान. माझे भाऊ स्वयंपाक करत नाहीत.

ही सहा वाक्यं मोठ्याने म्हटली की एक गट तोंडात बसायला लागतो. मग त्याच साच्यात कोम्प्रार (विकत घेणे), त्राबाखार (काम करणे), एस्कुचार (ऐकणे), पागार (पैसे देणे), येगार (पोचणे), एस्पेरार (वाट पाहणे) घाला. आर गट सर्वांत मोठा आहे. नवी क्रियापदं भाषेत येतात तीही याच गटात: चातेआर म्हणजे चॅट करणे, एस्कानेआर म्हणजे स्कॅन करणे, तुइतेआर म्हणजे ट्वीट करणे. चातेओ, चातेआस, चातेआ, असं सरळ चालतं. म्हणून वेळ कमी असेल तर आर गट आधी पक्का करा.

एर गटातून आप्रेन्देर (शिकणे), लेएर (वाचणे), बेबेर (पिणे), बेन्देर (विकणे), कोर्रेर (धावणे) घ्या. ईर गटातून एस्क्रिबीर (लिहिणे), आब्रीर (उघडणे), सुबीर (चढणे), रेसिबीर (मिळणे, स्वीकारणे).

आघात कुठे द्यायचा

मराठीत आघात, म्हणजे शब्दाच्या एखाद्या भागावर दिलेला जोर, बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान त्याकडे लक्ष देत नाही. स्पॅनिशमध्ये ही चैन परवडत नाही. आब्लो या शब्दात जोर पहिल्या 'आ'वर दिला तर 'मी बोलतो'. तोच जोर शेवटच्या 'ओ'वर दिला तर 'तो बोलला'. काळही बदलला आणि माणूसही.

नियम सोपा आहे. शब्दाचा शेवट स्वर, न किंवा स यांनी होत असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अवयवावर (अवयव म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा). इतर व्यंजनाने होत असेल तर शेवटच्या अवयवावर. याला अपवाद असला की त्या स्वरावर तिरकी रेघ लिहून दाखवतात. म्हणून आब्लार म्हणताना जोर 'ब्लार'वर, पण आब्लास, आब्लान म्हणताना 'आ'वर.

तक्त्याकडे या नजरेने पुन्हा पाहा. मी, तू, तो आणि ते या चार घरांत जोर धातूवर पडतो. आम्ही आणि बोसोत्रोसच्या घरांत तो प्रत्ययावर सरकतो: कोमेमोसमध्ये मधल्या 'मे'वर, बिबीमोसमध्ये 'बी'वर. बीबेस आणि बिबीस यांत तर स्वराबरोबर जोरही बदलतो. ही चार आणि दोनची विभागणी आत्ताच कानात बसवा, कारण पुढे अनियमित क्रियापदांत धातूचा स्वर बदलतो तो नेमका याच चार घरांत.

सर्वनाम कधी गाळायचं, कधी ठेवायचं

इंग्रजीतून शिकलेला विद्यार्थी प्रत्येक वाक्याची सुरुवात 'यो'ने करतो. यो बीबो, यो त्राबाखो, यो कोमो. व्याकरण चुकत नाही, पण ऐकणाऱ्याला 'मी, मी, मी' असा ठेका ऐकू येतो. आपण 'कोथरूडला राहतो, हिंजवडीला कामाला जातो' असं सहज म्हणतो. तसंच म्हणा: बीबो एन कोथरूड, त्राबाखो एन हिंजवडी.

खरं तर स्पॅनिश रूपं मराठीपेक्षाही स्पष्ट आहेत. आपलं 'बोलतो' हे मी, तो आणि आम्ही या तिघांनाही चालतं, संदर्भावरून कळतं. स्पॅनिशमध्ये आब्लो, आब्ला, आब्लामोस अशी तीन वेगळी रूपं आहेत.

सर्वनाम ठेवायचं ते दोन प्रसंगी. एक, विरोध दाखवायचा असेल तेव्हा: 'यो त्राबाखो, एल नो.' मी काम करतो, तो नाही. दोन, तृतीय पुरुषात गोंधळ होण्याची शक्यता असेल तेव्हा, कारण 'आब्ला' हे तो, ती आणि उस्तेद या तिघांचं आहे. अनोळखी वडीलधाऱ्याशी बोलताना 'उस्तेद' उच्चारलेलं चांगलं.

बोसोत्रोस शिकायचं का?

हा प्रश्न हमखास येतो. मेक्सिको, कोलंबिया, पेरू, अर्जेंटिना, एकूणच लॅटिन अमेरिकेत बोसोत्रोस बोलण्यात नाही. मित्र असोत की साहेब, अनेकांना उस्तेदेसच. तुमचे ग्राहक मेक्सिकोचे असतील तर हे घर बोलण्यासाठी घोटू नका, ऐकून-वाचून ओळखण्यापुरतं ठेवा. स्पेनला जायचं असेल तर मात्र पहिल्या दिवसापासून घ्या. तिथे चार मित्रांना 'उस्तेदेस' म्हटलं तर दुरावा वाटतो. अर्जेंटिना, उरुग्वे आणि मध्य अमेरिकेच्या बऱ्याच भागात 'तू'च्या जागी 'बोस' आहे आणि त्याचा जोर शेवटावर: बोस आब्लास, बोस कोमेस, बोस बिबीस. ऐकलंत तर दचकू नका.

नकार, प्रश्न

नकार म्हणजे क्रियापदाच्या आधी 'नो'. नो आब्लो खापोनेस, मी जपानी बोलत नाही. इंग्रजीसारखं मध्ये 'डू' घालावं लागत नाही आणि मराठीसारखं क्रियापदाचं रूपही बदलत नाही. प्रश्नासाठी आवाज चढवला की झालं: आब्लास एस्पान्योल? लिहिताना प्रश्नचिन्ह दोन्हीकडे द्यायचं, सुरुवातीला उलटं.

हा काळ नेमका केव्हा वापरायचा

मराठीचा खरा फायदा इथे आहे. इंग्रजीतून शिकलात तर साधा वर्तमान, चालू वर्तमान, पूर्ण वर्तमान असे कप्पे आधी करावे लागतात आणि मग स्पॅनिशमध्ये ते मोडावे लागतात. मराठीतून थेट गेलात तर बहुतेक वेळा एकासमोर एक बसतं.

रोजची गोष्ट: एस्पेरो एल आउतोबूस एन स्वारगेट. स्वारगेटला बसची वाट पाहतो.

आत्ता चाललेली गोष्ट: के लेएस? काय वाचतोयस? स्पॅनिशमध्येही 'करत आहे' अशी वेगळी रचना आहे, पण ती 'अगदी या क्षणी' हे ठसवायचं असेल तेव्हा. साध्या बोलण्यात साधा वर्तमान पुरतो.

लगेच घडणारं: मान्याना आब्लो कोन एया. उद्या बोलतो तिच्याशी. आपण 'उद्या येतो', 'संध्याकाळी फोन करते' म्हणतो ना, अगदी तसंच. भविष्यकाळ शिकला नसलात तरी उद्याबद्दल बोलता येतं.

आणि पूर्वी सुरू होऊन अजून चालू असलेलं: बीबो एन पुणे देस्दे आसे दिएस आन्योस. दहा वर्षांपासून पुण्यात राहतो. इंग्रजीत इथे 'हॅव बीन लिव्हिंग' लागतं, आणि इंग्रजी माध्यमातले विद्यार्थी स्पॅनिशमध्येही तसलंच काहीतरी जुळवायला जातात. मराठी वाक्य मनात आणा. 'राहतो' आहे तिथे 'बीबो' ठेवा.

असेच दोन धागे आणखी. आपण 'पुस्तक शोधतो' म्हणतो पण 'बहिणीला शोधतो'; माणूस असला की 'ला' लागतो. स्पॅनिशमध्येही बुस्को एल लीब्रो, पण बुस्को आ मि एर्माना. तो मधला 'आ' म्हणजे आपला 'ला' समजा. दुसरा धागा गुस्तारचा. 'मला आंबा आवडतो' यात क्रियापद आंब्याप्रमाणे चालतं, माझ्याप्रमाणे नाही, म्हणूनच 'मला आंबे आवडतात'. मे गुस्ता एल मान्गो, मे गुस्तान लोस मान्गोस. हा आर गटाचा साधा नियमित प्रकार आहे. इंग्रजी बोलणाऱ्यांना यावर एक आख्खा धडा लागतो, आपल्याला तो लागायचं कारण नाही.

नियमित दिसणारी, पण नसणारी

शेवट पाहून क्रियापद नियमित आहे की नाही हे कळत नाही. आब्रीर, उघडणे, नियमित. पण त्याच्या उलट अर्थाचं सेर्रार, बंद करणे, अनियमित: स्येर्रो, स्येर्रास, स्येर्रा, पण सेर्रामोस, आणि पुन्हा स्येर्रान. जोर धातूवर पडतो तिथे 'ए'चा 'ये' झाला, सरकला तिथे मूळ स्वर परत आला. मघाची चार आणि दोनची विभागणी ती हीच.

काही क्रियापदं फक्त 'मी'च्या घरात वाकडी जातात. सालीर, बाहेर पडणे: साल्गो, पण पुढे सालेस, साले सरळ. कोनोसेर, ओळखणे: कोनोस्को. म्हणून नवं क्रियापद भेटलं की शब्दकोशात 'मी'चं आणि 'तू'चं, अशी दोन रूपं पाहून घ्यायची सवय ठेवा.

काहींत फक्त स्पेलिंग बदलतं, आवाज तोच राहतो. कोखेर, पकडणे, हे जी अक्षराने लिहितात, पण 'मी'चं रूप 'कोखो' लिहिताना जे येतो, कारण ओच्या आधी जीचा उच्चार 'ग' झाला असता. हे अनियमित मानू नका, आवाज राखण्यासाठीची ती तजवीज आहे. (मेक्सिको आणि अर्जेंटिनात कोखेर हा शब्द अश्लील आहे. तिथे बस 'पकडायची' असेल तर तोमार वापरा.)

आर गटात एक बारीक जागा. एस्तुद्यार, अभ्यास करणे, याचं एस्तूद्यो. एम्ब्यार, पाठवणे, याचं मात्र एम्बीओ. 'ई'वर जोर येतो आणि रेघ लिहावी लागते. दोन्हींचा शेवट सारखा असूनही. ऑफिसच्या मेलमध्ये एम्ब्यार रोज लागतं, तेव्हा हे एक पाठच करा.

सराव कसा करावा

तक्ता पाढ्यासारखा घोकू नका. सातापाचा विचारल्यावर सात एके सातपासून सुरुवात करावी लागते, तसं 'ते वाचतात' म्हणायला लेओपासून निघावं लागतं. बोलण्यात तेवढा वेळ कोणी देत नाही. सुरुवातीला क्रमाने एकदा-दोनदा म्हणा, मग क्रम मोडा. सहा चिठ्ठ्यांवर सहा कर्ते आणि दहा-बारा चिठ्ठ्यांवर क्रियापदं लिहा, प्रत्येकी एक उचला आणि लगेच वाक्य करा. रूप नुसतं म्हणू नका, त्याला जागा, वस्तू, वेळ जोडा.

वाक्यं आपल्या दिवसातली हवीत. पुस्तकातल्या मारियाचं माद्रिदमधलं घर लक्षात राहत नाही. वनाजहून मेट्रोत बसलात की समोरच्या डब्याचं वर्णन मनात करा: उन सेन्योर लेए एल पेरियोदिको, एक गृहस्थ पेपर वाचतात. दोस चीकास आब्लान, दोन मुली बोलतात. यो एस्कूचो मूसिका, मी गाणी ऐकते. मंडईत: मि आबुएला कोम्प्रा बेर्दुरास, आजी भाजी घेते. एल सेन्योर बेन्दे मान्गोस, काका आंबे विकतात. आणि सकाळी पर्वतीच्या पायऱ्यांवर: सूबो, सूबेस, सूबे, सुबीमोस. पाय आणि जोर एका तालात पडतात, विशेषतः सुबीमोसला जोर सरकतो तो पावलागणिक जाणवतो.

'काका विकतात' आणि 'गृहस्थ वाचतात' या वाक्यांवर मुद्दाम जास्त वेळ द्या. मराठीत तात, स्पॅनिशमध्ये एकवचन. तेवढं जमलं की अर्धी लढाई जिंकली.

आता ही वाक्यं स्वतः करून पाहा, उत्तरं खाली आहेत. एक, आम्ही कॉफी पितो. दोन, सर पुण्यात राहतात. तीन, तू रोज मेल लिहितेस का? चार, ती स्पॅनिश बोलत नाही. पाच, मुलं वाचतात. सहा, काकू, तुम्ही काय विकता? सात, उद्या पैसे देतो.

एक, बेबेमोस काफे. 'बेबीमोस' म्हटलं असेल तर एर आणि ईर गटांची गल्लत झाली.

दोन, एल प्रोफेसोर बीबे एन पुणे. 'बीबेन' नको.

तीन, एस्क्रीबेस कोर्रेओस तोदोस लोस दीआस? 'लिहितेस' आणि 'लिहितोस' दोन्हींना हेच रूप.

चार, नो आब्ला एस्पान्योल. आधीच्या बोलण्यातून 'ती' कळत नसेल तर एया नो आब्ला.

पाच, लोस नीन्योस लेएन. दोन ए वेगवेगळे ऐकू आले पाहिजेत, लांबवलेला एक ए चालणार नाही.

सहा, के बेन्दे उस्तेद? इथे 'बेन्देन' आलं असेल तर पहिल्या पायरीतला आदराचा भाग पुन्हा वाचा.

सात, मान्याना पागो. 'देईन' शोधायला जाऊ नका, 'देतो'च पुरतं. जोर 'पा'वर ठेवा. 'गो'वर गेला तर 'त्याने पैसे दिले' असं होईल, आणि उद्याशी ते जुळणार नाही.